टाइम-लूप थरारपट आणि प्रेक्षकांची मतं: गोव्यातल्या वाचनालयांना, मंडळांना वारंवार पडणारे प्रश्न

चित्रपट दाखवायचा, दिवे लागले की 'कसा वाटला?' विचारायचं आणि 'बरा होता' ऐकून खुर्च्या आवरायच्या, एवढ्यावर कौटुंबिक चित्रपटाचं भागतं. काळाच्या फेऱ्यात अडकलेल्या माणसाच्या थरारपटाचं भागत नाही. अर्ध्या सभागृहाला तो डोक्यावर घ्यावासा वाटतो, उरलेल्या अर्ध्याला पैसे परत हवे असतात, खेळ फुकट असला तरी. हे प्रश्न त्या दोन्ही अर्ध्यांकडून आणि खेळ भरवणाऱ्यांकडून आलेले आहेत.

टाइम-लूप म्हणजे टाइम ट्रॅव्हलच ना?

नाही. टाइम ट्रॅव्हलमध्ये माणूस एका काळातून दुसऱ्या काळात जातो. लूपमध्ये तो कुठेच जात नाही. ठरावीक वेळेचा एक तुकडा संपतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि मागचं फक्त त्याला (कधी आणखी एखाद्याला) आठवत असतं. बाकी जगाच्या दृष्टीने सगळं पहिल्यांदाच घडत असतं.

गोव्यात हे समजवायला सोपं, कारण गाण्याच्या बैठका ऐकलेला माणूस प्रत्येक गावात आहे. तीनतालाचं आवर्तन सोळा मात्रांचं. ठेका तोच, मात्रा त्याच, तरी गाणारा दर आवर्तनात वेगळी वाट काढतो आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. लूपच्या चित्रपटात तेच चालतं. सकाळचा गजर, रेल्वेच्या डब्यातलं पहिलं वाक्य, सांडलेली कॉफी, ही त्याची सम. पुढे या पानावर 'सम' हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे आणि एका आवर्तनाला 'फेरा' म्हटलं आहे.

सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?

ज्याचा फेरा छोटा आणि नियम स्पष्ट, त्यापासून. 'सोर्स कोड' (२०११, दिग्दर्शक डंकन जोन्स) पहिल्या खेळाला उत्तम: फेरा आठ मिनिटांचा, जागा शिकागोकडे निघालेल्या गाडीचा एक डबा, एकूण लांबी दीड तासाच्या आसपास. 'रन लोला रन' (१९९८, टॉम टायकर) त्याहून छोटा, तीनच फेरे, प्रत्येकात वीस मिनिटांची मुदत. पण तो जर्मन आहे, त्यामुळे सबटायटलची तयारी नीट हवी. 'एज ऑफ टुमॉरो' (२०१४, डग लायमन) दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेळाला ठेवा. त्यात फेरे इतके आहेत की दिग्दर्शकाने बरेचसे एकेका झटक्यात उरकले आहेत, आणि नवख्या प्रेक्षकाला तो झटका झेपत नाही.

'ग्राउंडहॉग डे' (१९९३) थरारपट नाही, विनोदी आहे. तरी तुलनेसाठी तो लोकांनी पाहिलेला असेल तर चर्चा फार सोपी होते. नायक २ फेब्रुवारीत का अडकला, याचं कारण त्यात दिलेलंच नाही आणि कुणी मागतही नाही. थरारपटाकडे मात्र लोक कारण मागतातच. हा फरक का पडतो यावर अर्धा तास सहज जातो.

भारतीय हवा असेल तर तमिळ 'मानाडू' (२०२१, वेंकट प्रभू). नायकाबरोबर खलनायकही फेऱ्यात येतो, त्यामुळे मधल्या भागात मरगळ येत नाही. आणि 'लूप लपेटा' (२०२२, आकाश भाटिया) तर लोलाचाच हिंदी अवतार, घडतो गोव्यात. त्यातली जोडी सावी आणि सत्या. मराठी प्रेक्षकाला ही नावं ऐकताच सावित्री-सत्यवान आणि वडाला सूत गुंडाळत घातलेल्या फेऱ्या आठवतात, वेगळं सांगावं लागत नाही. गोव्याचा प्रेक्षक मात्र गोष्टीपेक्षा 'ही जागा कुठची' याकडे जास्त बघतो. ती कुजबुज धरूनच चला.

घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात दाखवलं तर चालतं का?

चालत नाही. ते खातं वैयक्तिक, घरगुती वापराचं असतं. तिकीट लावलं नाही म्हणून सभागृहातला खेळ घरगुती होत नाही. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी घ्या, त्यात तारीख, ठिकाण आणि खेळांची संख्या लिहून घ्या. आणखी एक खाच: थेट ओटीटीवर आलेल्या चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असेलच असं नाही, आणि सार्वजनिक खेळाला ते लागतं. परवानगी मागतानाच हे विचारा. जाहिरात छापून झाल्यावर कळलं तर पंचाईत होते.

मुलांना घेऊन येऊ का?

प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नियमांपासून यूए गटाचे (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहायचे चित्रपट) ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. लूपच्या थरारपटात एकच माणूस पुन्हा पुन्हा मरतो. पडद्यावर ते गमतीने दाखवलं असलं तरी आठ वर्षांच्या मुलाला त्यात गंमत दिसेलच असं नाही.

खेळापूर्वी आयोजकांनी काय तयारी करावी?

एकच तयारी अशी आहे की जी केली नाही तर बाकी सगळं पाण्यात: फेरापट्टी. चित्रपट एकदा सलग बघा. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन, थांबवत थांबवत. दीड तासाच्या चित्रपटाला याला तीन तास लागतात. कागदावर चार रकाने पाडा: फेरा कितवा, तो पडद्यावर कितव्या मिनिटाला सुरू होतो, समेची खूण काय, आणि या फेऱ्यात नवीन काय कळलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो फेरा अधोरेखित करा. प्रेक्षकांची तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

फेरापट्टीचा दुसरा उपयोग वीज गेल्यावर कळतो. साध्या चित्रपटात वीज आली की 'तो मारामारीचा प्रसंग होता' एवढ्यावर जागा सापडते. इथे तोच डबा, तीच बाई, तेच वाक्य पाच वेळा आलेलं असतं. लॅपटॉपवर बसलेला माणूस घाईत चौथ्याऐवजी दुसऱ्या फेऱ्यात शिरतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सभागृहात कुणाच्या लक्षातही येत नाही. 'परत सुरू झालं' असं समजून लोक दहा मिनिटं शांत बसतात. म्हणून वीज जाताच घड्याळ नाही, पडद्यावरचं मिनिट लिहा, आणि पुन्हा लावताना त्या फेऱ्याच्या समेपासून लावा, मधून नको. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर असतील तर दहा-पंधरा मिनिटं निभावतात, पण स्पीकर यूपीएसवर घ्यायचा विसर हमखास पडतो.

पावसाळ्यात खेळ ठेवावा का?

ठेवा, पण पत्र्याच्या छपराखाली नको. जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की संवाद ऐकू येत नाहीत, आणि लूपच्या चित्रपटात सगळी मदार एका बदललेल्या वाक्यावर असते. दुसरी जागाच नसेल तर तीन गोष्टी करा. स्पीकर पडद्याजवळ दोन आणि सभागृहाच्या मध्यावर दोन असे लावा, समोरच्या दोघांचा आवाज वाढवत बसू नका. सबटायटल लावा, भाषा समजत असली तरी. आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर घ्या, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांआड सबटायटल जातात. शेवटच्या रांगेत बसून स्वतः वाचून बघा. उभं राहून वाचलेलं धरू नका.

सबटायटलबद्दल एक बारीक गोष्ट. दुसऱ्या फेऱ्यात तेच संवाद आले की लोक वाचणं सोडतात, नजर चित्रावर जाते. तिसऱ्या फेऱ्यात एखादं वाक्य बदलतं, आणि नेमकं तेच निसटतं. खेळापूर्वीच्या दोन मिनिटांच्या निवेदनात एवढंच सांगा: 'तेच तेच ऐकू आलं तरी वाचत राहा.' नियम सांगू नका, किती फेरे आहेत तेही सांगू नका.

मध्यंतर कुठे घ्यावं?

शंभर मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला घेऊच नये. नाटकाला जाणाऱ्या आपल्या लोकांना अंक पडल्याशिवाय चैन पडत नाही हे खरं, पण फेऱ्याच्या मध्ये पडदा पाडला तर परत आलेल्या माणसाला आपण कुठल्या फेऱ्यात आहोत हेच कळत नाही. लांबीमुळे घ्यावंच लागलं तर फेरा पूर्ण होऊन नवीन सम येण्याच्या आधीचा क्षण फेरापट्टीवर आधीच ठरवा, दहा मिनिटांच्या वर जाऊ नका, आणि सुरू करताना संपलेल्या फेऱ्याची शेवटची वीस-तीस सेकंदं पुन्हा दाखवा. या एकाच प्रकारच्या चित्रपटात असं मागे जाणं कुणाला खटकत नाही.

खेळाची वेळ कोणती?

संध्याकाळी पाच. सात-साडेसातला कार्डं भरून होतात आणि चर्चा आठच्या आत संपते. साडेसहाला सुरू केलेल्या खेळाला चर्चेच्या वेळी पुढच्या दोन रांगा उरतात. बाकीच्यांना कदंबची बस गाठायची असते, आणि डिचोली, सत्तरी, पेडण्याकडे परतणाऱ्यांना उशीर परवडत नाही. मग जी मतं जमतात ती स्कूटरवाल्यांची.

मतं नेमकी कधी घ्यायची?

दोनदा. पहिल्यांदा श्रेयनामावली सुरू असताना, सगळे दिवे लावण्याआधी, शेजाऱ्याशी बोलणं सुरू होण्याआधी. आधी कार्ड, मग चहा. हा क्रम उलटा झाला की पाच मिनिटांत भज्यांच्या ताटाभोवती एक आत्मविश्वासू माणूस शेवटाचा अर्थ सगळ्यांना सांगून टाकतो, आणि नंतर भरलेल्या तीस कार्डांवर त्याचंच मत तीस हस्ताक्षरांत येतं.

दुसऱ्यांदा आठवड्याने. वाचनालयात एक पेटी आणि पिवळी कार्डं ठेवा (पहिल्या रात्रीची पांढरी). लूपचे चित्रपट घरी गेल्यावर डोक्यात चालू राहतात. रात्री 'कळला नाही' लिहिणारा चार दिवसांनी 'शेवट जमलाय' म्हणतो, आणि उलटही होतं: रात्री थरारून गेलेल्याला नंतर भोकं दिसायला लागतात. मात्र पिवळी कार्डं मुद्दाम येऊन भरणारे मुळातच गुंतलेले असतात, म्हणून दोन्ही गठ्ठ्यांची सरळ तुलना करू नका. पिवळ्या कार्डांवर 'त्या रात्री काय लिहिलं होतं, आठवतं का?' हा एक जादा प्रश्न घाला.

अनुभव आठवताना माणूस त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांनाच जास्त वजन देतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. लूपच्या चित्रपटाला हे जास्तच लागू पडतं. मधले फेरे एकमेकांत मिसळून जातात आणि आठवणीत पहिला धक्का आणि शेवट उरतो. म्हणून मधल्या भागाबद्दलचा प्रश्न त्याच रात्री विचारायला हवा.

कार्डावर कोणते प्रश्न असावेत?

ए-फोर कागदाचा अर्धा तुकडा, एकाच बाजूला छापलेला, चार-पाच मिनिटांत भरून होईल इतकाच. साठ खुर्च्यांना सत्तर कार्डं आणि चाळीस पेन्सिली. पेन नको, दमट कागदावर शाई पसरते. प्रश्न या क्रमाने:

१. चित्रपट संपला तेव्हा मनात पहिलं काय आलं? एका ओळीत.
२. फेरा कशामुळे पुन्हा सुरू होत होता? एका वाक्यात.
३. कंटाळा आला असेल तर कितव्या फेऱ्यात? (एक ते आठ चौकटी, आणि 'आला नाही'.)
४. शेवट: पटला / पटला नाही / कळला नाही.
५. असा चित्रपट आधी पाहिला आहे का?
६. कुठे बसला होता: पुढे / मध्ये / मागे.
७. तारे, एक ते पाच.

तारे मुद्दाम शेवटी. आधी तारे दिले की माणूस बाकीची उत्तरं त्या ताऱ्यांचं समर्थन म्हणून लिहितो. दुसरा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो, आणि आहेच. मात्र तो प्रेक्षकाची नाही, चित्रपटाची आणि तुमच्या स्पीकरची परीक्षा घेतो. नाव, फोन नंबर मागू नका. नाव लिहायचं म्हटलं की लोक 'छान उपक्रम' लिहितात.

'पुन्हा पुन्हा तेच दाखवलं' ही तक्रार सगळ्यात जास्त येते. ती कशी वाचायची?

प्रकारच तसा आहे म्हणून ती झटकू नका. पुनरावृत्तीचा कंटाळा आपल्याकडच्या प्रेक्षकाला मुळात नाही. पेडण्यात दशावतारी आख्यान तोंडपाठ असलेली माणसं तेच आख्यान बघायला रात्रभर बसतात. त्यामुळे तक्रार करणाऱ्याला खुपलेलं असतं ते वेगळंच, आणि बहुतेक वेळा चारांपैकी एक.

पहिलं, फेरे आखडत नाहीत. चांगला चित्रपट पहिला फेरा पूर्ण दाखवतो, दुसरा फरकासकट, आणि तिसऱ्यापासून ओळखीच्या जागा गाळत जातो. पाचव्या फेऱ्यातही नायक तोच जिना त्याच वेगाने उतरत असेल तर दोष संकलनाचा. तिसऱ्या प्रश्नाच्या चौकटी एकाच आकड्यावर गर्दी करतात ती तेव्हा.

दुसरं, बदल झाला होता पण पोचला नाही. हे ओळखायला सहावा प्रश्न आहे. कंटाळ्याच्या खुणा मागच्या रांगांतून येत असतील आणि त्याच कार्डांवर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलेलं असेल, तर चित्रपटाला नावं ठेवण्याआधी स्पीकर तपासा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोकांना ते शब्दांत सांगता येत नाही. नायक मेला तरी परत उठणार असेल तर धाकधूक कशाची? थरारपटाला इथे दुसरी काहीतरी हानी शोधावी लागते. 'सोर्स कोड'मध्ये फेरा परत येतो, पण बाहेरच्या जगातलं घड्याळ पुढे जातच असतं आणि दुसऱ्या स्फोटाची टांगती तलवार असते. 'एज ऑफ टुमॉरो'मध्ये शरीरात दुसऱ्याचं रक्त भरलं की परत उठण्याची शक्ती जाते, त्यामुळे मरण्यापेक्षा जखमी होऊन वाचणं घातक ठरतं. काय झकास उलटापालट आहे ही! अशी हानी नसलेल्या चित्रपटाबद्दल कार्डावर 'टेन्शन आलं नाही', 'गेमसारखा वाटला' असं येतं. ते 'पुन्हा तेच'च्या खात्यात मांडा.

चौथं, ज्याला हा प्रकारच आवडत नाही असा माणूस. असतो. पाचव्या प्रश्नाला 'हो' आणि तारा एक. त्याचं कार्ड मोजा आणि पुढे चला.

शेवटावर एकमत का होत नाही?

(इथून पुढचा परिच्छेद 'सोर्स कोड' न पाहिलेल्यांनी सोडावा.) कारण लूपच्या चित्रपटाला दोन शेवट करावे लागतात: फेऱ्याचा आणि गोष्टीचा. 'सोर्स कोड'मध्ये डब्यातली सगळी माणसं हसत असताना चित्र गोठतं. पुष्कळ प्रेक्षक म्हणतात, तिथेच संपायला हवं होतं. पुढची काही मिनिटं गोष्टीला सुखान्त देतात, पण त्याच्याबरोबर एक अवघड प्रश्नही: ज्या शिक्षकाच्या, शॉनच्या, शरीरात नायक, म्हणजे कॅप्टन, राहिला, त्या शॉनचं काय झालं? 'शेवट पटला नाही' लिहिणाऱ्यांत दोन वेगळे गट असतात. एकाला सुखान्त ओढूनताणून आणलेला वाटतो, दुसऱ्याला शॉनचा बळी खुपतो. चौथ्या प्रश्नाखाली 'का?' साठी एक ओळ ठेवली नाही तर हे दोन्ही गट एकाच खुणेत गडप होतात.

'कळला नाही' ही खूण वाईट समजू नका. ती किती कार्डांवर दुसऱ्या प्रश्नाच्या बरोबर उत्तरासोबत आली, ते बघा. नियम समजलेला आणि शेवट न कळलेला प्रेक्षक चर्चेला हवाच असतो.

विज्ञानाच्या दृष्टीने हे शक्य आहे का, असं कुणीतरी विचारतंच. काय सांगावं?

थोडक्यात सांगा. आइन्स्टाइनच्या समीकरणांना असं उत्तर निघू शकतं की ज्यात काळाची वाट वळून स्वतःलाच मिळते. गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये तसं एक उत्तर काढलं. पण त्यासाठी जे विश्व धरावं लागतं ते आपलं नाही, आणि त्यात कुणाला 'मागचा फेरा' आठवायची सोयही नाही. चित्रपटातली आठवण ही लेखकाने घेतलेली एक मोकळीक. एवढं बोलून झालं की चर्चा पुन्हा पडद्याकडे वळवा, नाहीतर तास जातो.

लोक कार्डावर कोकणीत लिहितात. मराठी करून मांडायचं का?

अजिबात नको. 'कळ्ळें ना' आणि 'बोर जालें' जसं लिहिलंय तसंच उतरवा. गोव्यात एकाच कार्डावर मराठी, कोकणी, इंग्रजी तिन्ही येतात, रोमी लिपीही येते. मोजणीसाठी बाजूला खूण करा, मूळ ओळ बदलू नका. 'बोर जालें' आणि 'कंटाळवाणा' यांचं वजन सारखं नाही, हे दोन्ही बोलणाऱ्याला सांगायची गरज नाही.

ताऱ्यांची सरासरी काढली की झालं ना?

लूपच्या चित्रपटात सरासरी हमखास फसवते. समजा तीस कार्डं आली. पाच तारे बारा जणांचे, चार तारे तिघांचे, तीन दोघांचे, दोन पाच जणांचे आणि एक तारा आठ जणांचा. बेरीज ९६, सरासरी ३.२. हा आकडा सूचनाफलकावर लावला तर वाचणारा म्हणेल, बरा दिसतोय. प्रत्यक्षात 'बरा' म्हणणारे दोघेच आहेत. उरलेल्यांपैकी पंधरा जण खूश आहेत आणि तेरा जण वैतागलेले. म्हणून आकडा न लावता पाच रांगांचा आडवा पट्टा काढा, जितकी कार्डं तितक्या चौकटी. आणि तळाच्या तेरा कार्डांतली किती मागच्या रांगेची आहेत ते आधी शोधा.

किती कार्डं आली म्हणजे पुरेशी?

आपल्या खेळापुरतं बोलायचं तर हजर माणसांच्या तीन चतुर्थांश. साठांत पंचेचाळीस आली की 'आपल्या प्रेक्षकांना असं वाटलं' म्हणता येतं. 'गोव्याच्या प्रेक्षकांना असं वाटलं' म्हणता येत नाही, साठच्या साठ आली तरी. शुक्रवारी पाच वाजता परदेशी थरारपटाला येणारा माणूस आधीच निवडून आलेला असतो. नोव्हेंबरच्या इफ्फीत (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) पणजीला रांगा लावणारा आणि गावातल्या वाचनालयात येणारा हेही दोन वेगळे प्रेक्षक आहेत. त्यांची कार्डं एका गठ्ठ्यात घालू नका.

चर्चा कशी चालवावी?

पंचवीस मिनिटं, एक फळा. फळ्यावर वर्तुळं काढू नका, सगळे त्यातच हरवतात. प्रत्येक फेऱ्याला एक आडवी रेघ, एकाखाली एक, सगळ्यांची डावी कड सरळ, ती सम. बदल झाला त्या जागी रेघेवर फुली. हे लोकांकडून भरून घ्या. पहिल्या दहा मिनिटांत शेवटाबद्दल बोलायची बंदी ठेवा, आणि सुरुवात कंटाळा आलेल्यांपासून करा. ज्यांना आवडला ते नंतर बोलतातच, त्यांना थांबवणं हेच काम असतं. फुल्या भरता भरता 'अरे, इथे ती बाई आधीच उठली होती!' असं कुणीतरी ओरडतं, आणि तोवर गप्प बसलेला अर्धा वर्ग बोलायला लागतो.

इंटरनेटवरचे आकडे बघून चित्रपट निवडला तर?

बघा, पण आकडा कशाचा ते समजून. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचे ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. शंभर परीक्षणांपैकी नव्वद अनुकूल होती, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना 'ठीक' वाटलेल्या चित्रपटालाही तो मिळू शकतो, आणि तुमच्या पंधरा-तेरा फुटीचा चित्रपट तिथे पन्नासाच्या आसपास पडून राहतो. शिवाय खालच्या प्रतिक्रियांत शेवट फुटलेला असतो. निवडणाऱ्याने वाचावं, निवेदन करणाऱ्याने वाचू नये.

जमलेल्या कार्डांचं पुढे काय करायचं?

आठ-दहा ओळी जशाच्या तशा सूचनाफलकावर लावा, कडू-गोड दोन्ही. शेवट फोडणाऱ्या ओळींवर कागदाची घडी घाला, बाहेरून 'पाहिला असेल तरच उघडा' लिहा. गठ्ठ्यावर चित्रपटाचं नाव, तारीख, सभागृह, सबटायटलची भाषा, वीज गेली होती का आणि पाऊस होता का, हे लिहून फेरापट्टी त्यालाच जोडा. मग बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. उघड्या कपाटात ऑगस्टपर्यंत पेन्सिलीचं लिखाण टिकतं, पण कागदाला बुरशी येते.